जागेचा भाव

मराठीत 'जागा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. घर बांधायला लागते ती जागा, वैद्यकीय महाविद्यालयात मिळते ती जागा, आणि शाळेत शिक्षकाची रिकामी होते तीही जागाच. नांदेड-लातूरकडे या तिन्ही जागांना भाव आहे. पहिल्या जागेचा भाव, अर्धामुर्धा का होईना, दस्तात नोंदला जातो. उरलेल्या दोन्ही जागांचा भाव मात्र चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत आणि आमच्या प्राध्यापक-कक्षात हलक्या आवाजात सांगितला जातो. सांगणाऱ्याला त्यात संकोच वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटत नाही. प्रस्तुत लेख या हलक्या आवाजाविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वी कंधार तालुक्यातील एक शेतकरी माझ्या घरी आले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. एम.ए. आणि बी.एड. दोन्ही परीक्षा त्याने चांगल्या गुणांनी उत्तीर्ण केलेल्या. एका संस्थेच्या शाळेत जागा सुटणार होती आणि मध्यस्थाने आकडा सांगितला होता. गृहस्थ बराच वेळ पावसापाण्याचे बोलले आणि मग म्हणाले, "सर, दोन एकर इकावं म्हनतो. तुम्ही शिकलेले मानसं. काय करू सांगा." मी म्हणालो, "मामा, देऊ नका. हे बरोबर नाही." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "मग तुम्ही लावून देता का त्याला कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एका शेतकऱ्याने विचारलेला तो अर्थशास्त्राचाच प्रश्न होता. मी त्याला नीतिशास्त्राचे उत्तर दिले होते.

तीन मते

आपल्याकडे या विषयावर तीन मते नित्य ऐकू येतात. पहिले असे की, 'सगळेच देतात, सगळेच घेतात. आपण एकट्याने सोवळे पाळून काय होणार?' दुसरे असे की, 'ही लाच नव्हे, गुंतवणूक आहे. एकदा दिले की जन्माची ददात मिटते.' तिसरे मत थोडे शिकलेल्यांचे. ते म्हणतात, 'परीक्षा केंद्रीय करा, संगणकावर घ्या, माणसाचा हातच लागू देऊ नका, म्हणजे भ्रष्टाचार आपोआप संपेल.' ही मते वाईट माणसांची नाहीत. आपले शेजारी, आपले सहकारी आणि पुष्कळदा आपण स्वतःच ती बोलत असतो. म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजेत.

पहिल्या मताचा विचार गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'एशियन ड्रामा' या ग्रंथात केला आहे. भ्रष्टाचार जेवढा असतो त्याहून त्याच्याविषयीच्या कथा अधिक पसरतात, आणि त्या कथाच पुढे भ्रष्टाचाराला जन्म देतात, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. सगळेच देतात अशी ज्याची खात्री पटली, तो न मागताही पाकीट तयार ठेवतो. आपल्या गावांतील कित्येक मध्यस्थ तर केवळ या खात्रीवर जगतात. ज्याची निवड गुणांवर होणारच असते, त्याच्याकडूनही ते पैसे घेतात आणि 'काम आम्ही केले' असे सांगतात. ज्याची निवड होत नाही, त्याला थोडेफार परत करून 'वरच्याने ऐकले नाही' म्हणतात. हा धंदा बिनभांडवली आहे. त्याचा कच्चा माल म्हणजे आपली गप्पांतील मते.

गुंतवणुकीचा हिशेब

दुसऱ्या मताकडे वळू. गुंतवणूकच म्हणायची तर हिशेबही गुंतवणुकीचाच केला पाहिजे. उदाहरणापुरते समजा की कोणी जागेसाठी २० लाख रुपये दिले. ही रक्कम आठ टक्के व्याजाने उभी केली, तर वर्षाचे व्याज १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १३,३०० रुपये होते. नव्या माध्यमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन दरमहा १८ हजार रुपये ठरले. व्याज वजा जाता त्याच्या हाती पाच हजारही उरत नाहीत, आणि मुद्दल तसेच उभे असते. तीन वर्षांत व्याजच पावणेपाच लाखांच्या वर जाते. पुढे वेतनश्रेणी लागते हे खरे. परंतु तोपर्यंत ज्याचे घर चालू शकते, त्यालाच ही 'गुंतवणूक' परवडते.

याचा अर्थ असा की या बाजारात पहिली चाचणी गुणवत्तेची नसते, सातबाऱ्याची असते. ज्याच्या नावावर विकायला दोन एकर आहेत तो रांगेत उभा राहू शकतो. शेतमजुराचा, वीटभट्टीवरील कामगाराचा मुलगा कितीही हुशार असो, त्याला रांगच नाही. आरक्षणामुळे गुणवत्ता मागे पडते, अशी तक्रार आपल्या मध्यमवर्गीय घरांत मोठ्या आवाजात होते. पैशांमुळे जी गुणवत्ता मागे पडते, तिच्याविषयी तीच घरे गप्प बसतात. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत संस्थास्तरावरील १५ टक्के जागांचे शुल्क नेहमीच्या शुल्काच्या कित्येक पट असते. ते कायदेशीर आहे, लाच नव्हे, हे मान्य. पण तेथेही शेवटच्या निवडीत तिजोरीच बोलते, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचे मी पाहिलेले नाही.

दिलेला पैसा वसूल कोठून होतो, हा पुढचा प्रश्न. शिक्षक तो विद्यार्थ्यांकडून रोख घेऊ शकत नाही. म्हणून तो वेळेतून वसूल करतो. शाळेत मन न लावता बाहेर शिकवणी घेतो, शेतीचे किंवा जमिनीचे व्यवहार पाहतो. अशा माणसाला वर्गात टाळाटाळ करण्याचा जणू नैतिक परवानाच मिळालेला असतो, कारण आपण ही जागा विकत घेतली आहे असे त्याला मनोमन वाटते. तेव्हा २० लाखांपैकी जो भाग शिक्षकाच्या खिशातून गेला असे आपण समजतो, तो अखेरीस त्या शाळेतील मुले फेडतात. त्यांना पावती मिळत नाही.

टंचाई कोठून आली?

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी परवाने मोजके असले की ते मिळविण्यासाठी लोक पैसा, वेळ आणि बुद्धी खर्च करतात. त्या खर्चातून देशात एक दाणाही अधिक पिकत नाही, हा त्याचा मुख्य विचार. भारतातील १९६४ च्या परिस्थितीसाठी असा लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सात टक्क्यांहून अधिक असावा, असा त्यांचा अंदाज होता. आयात परवान्यांचा तो काळ १९९१ नंतर मागे पडला. आपल्या भागात परवान्याची जागा 'जागे'ने घेतली.

योगायोग असा की १९७४ हेच मराठवाडा विकास आंदोलनाचे वर्ष. त्या आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले, वसमतला गोळीबार झाला आणि मागण्यांमध्ये स्थानिक तरुणांना नोकऱ्यांत न्याय मिळावा ही मागणी अग्रभागी होती. दहा वर्षांनी, १९८४ साली, प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्याचा विभागवार अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक भरला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांतील मागासलेपणाला त्या अहवालाने आकडा दिला. निजामी राजवटीत येथे शाळाच मोजक्या होत्या. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. या संस्थांनी शेतकऱ्यांच्या मुलांना पदवीपर्यंत आणले. कारखाने मात्र त्या प्रमाणात आले नाहीत. शेती पावसावर राहिली. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

ज्या प्रदेशात आकाशाचा भरवसा नाही आणि कारखान्याचा भोंगा नाही, तेथे पगाराची नोकरी ही केवळ नोकरी नसते; ती पीकविम्यासारखी असते. घरातील एकाला पगार सुरू झाला की उरलेल्या चौघांना दुष्काळाची भीती कमी वाटते. म्हणूनच शेतकरी दोन एकर विकून एक जागा घ्यायला निघतो. त्याला मूर्ख किंवा लोभी म्हणणे सोपे आहे. माझ्या मते तो जोखमीचा हिशेब आपल्यापैकी अनेकांहून नीट करतो. आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटीहून उठलेले आंदोलन आणि त्याला इतर मागासवर्गीयांकडून झालेला विरोध, या दोन्हींच्या मुळाशी हीच टंचाई आहे. ताटे कमी आणि पंगत मोठी असली की शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो.

त्यात भर शासनाच्या दिरंगाईची. २ मे २०१२ च्या निर्णयाने राज्यातील शिक्षकभरतीवर बंदी आली आणि कित्येक वर्षे बी.एड. झालेल्या तरुणांच्या तुकड्या साचत गेल्या. धरणाचे दार बंद ठेवले की पाण्याचा दाब वाढतो, तसा जागेचा भाव वाढला. भरती रोखून शासनाने तिजोरी वाचविली असेल; परंतु त्याच काळात मध्यस्थांची तिजोरी भरली.

केवळ यंत्राने भागेल का?

आता तिसरे मत. परीक्षा केंद्रीय केली की भ्रष्टाचार संपतो काय? येथे इतिहास थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि देणगी हा शब्द घराघरांत पोचला. १९८७ साली देणगीशुल्काला बंदी करणारा कायदा राज्याने केला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे शुल्क बेकायदा ठरविले. पुढे प्रवेशपरीक्षा आल्या, अखेरीस देशभर एकच 'नीट' परीक्षा आली. या बदलांचा लाभ झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. 'लातूर पॅटर्न'ची सारी कीर्तीच मुळी या परीक्षांवर उभी आहे. जादा तास, पुनःपुन्हा सराव-चाचण्या आणि सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेणारे शिक्षक, एवढ्या साध्या साधनांवर लहान गावांतील मुलांनी मुंबई-पुण्याच्या मुलांच्या बरोबरीने गुण मिळविले. ज्यांच्या घरी कोणी दहावीपलीकडे गेले नव्हते अशी मुले डॉक्टर झाली. ते कष्टाचे फळ होते, आणि परीक्षा प्रामाणिक असल्यामुळेच ते हाती आले.

पण दाब तसाच राहिला, म्हणून गळती दुसरीकडून सुरू झाली. ५ मे २०२४ रोजी झालेल्या 'नीट'ला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख ८ हजार. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास शासकीय. निकालानंतर पेपरफुटीचे जे प्रकरण देशभर गाजले, त्याचा एक धागा नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातुरात निघाला. जिल्हा परिषद शाळांतील दोन शिक्षकांना अटक झाली आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप खरे की खोटे हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे मान्य केले. मात्र संपूर्ण परीक्षा दूषित झाली असे दिसत नसल्याचे सांगून फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तेथे संपला असेल, परंतु पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या मनात त्या उन्हाळ्यात जी शंका शिरली, तिचे काय?

शिक्षकांच्या बाबतीत तर अधिकच खेदाची गोष्ट घडली. पात्रता तपासण्यासाठी ठेवलेल्या 'टीईटी' परीक्षेतच पैसे घेऊन गुण वाढविल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. ज्या कुलपावर भरवसा ठेवायचा, त्याच्याच किल्ल्या विकल्या गेल्या. यंत्र आले, संगणक आला, परंतु यंत्रामागे माणूस होताच. तेव्हा तिसरे मत अर्धेच खरे आहे. नियमांनी भ्रष्टाचार अवघड होतो. टंचाई आणि मते तशीच राहिली तर तो नाहीसा होत नाही.

लाजेचे काय झाले?

येथे लातूर जिल्ह्याशी संबंधित एका जुन्या घटनेचे स्मरण करावेसे वाटते. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ साली मुख्यमंत्री झाले. एम.डी.च्या परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच्या गुणदोषांत येथे शिरायचे नाही. सांगायचे एवढेच की एका परीक्षेच्या गुणांवरून राज्याच्या मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावे लागले, आणि जनतेला त्यात काही अतिरेक झाला असे वाटले नाही. नंतर हजारो उमेदवारांचे गुण बदलल्याचे उघड झाले, तेव्हा आपण काय केले? दोन दिवस वर्तमानपत्र वाचले आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांना विचारले, 'आपल्या ओळखीचे कोण कोण सापडले?' घेणारे आणि देणारे तेव्हाही होते. पण तेव्हा ते लपून होते. आता लग्नाच्या बैठकीत 'मुलाला एवढे देऊन लावले आहे' हे मुलाच्या कर्तबगारीसारखे सांगितले जाते.

करता काय येईल?

केवळ खेद व्यक्त करून हा लेख संपविणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट भरतीच्या वेळापत्रकाची. निवृत्तीच्या तारखा शासनाला वर्षानुवर्षे आधी ठाऊक असतात. मग दरवर्षी ठरलेल्या महिन्यात भरती का होऊ नये? जागा नियमित सुटू लागल्या की भाव पडतो, हे बाजाराचे साधे तत्त्व आहे. दुसरी गोष्ट मुलाखतीची. २०१७ साली 'पवित्र' ही संगणकीय पद्धत आली, परंतु तिच्यात खाजगी संस्थांसाठी मुलाखतीसह निवडीचा मार्ग ठेवला गेला. त्या मुलाखतींचे गुण प्रत्येक उमेदवारासमोर जाहीर झाले पाहिजेत. तिसरी गोष्ट कायद्याची. २०१८ च्या दुरुस्तीपासून लोकसेवकाला लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याच्यावर सक्ती झाली त्याने सात दिवसांत कळविले तर त्याला संरक्षण आहे. ही सवलत खेड्यातील किती पालकांना ठाऊक आहे? आपल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याबरोबर एवढी माहिती द्यायला काय हरकत आहे?

नियम बदलतात, आणि ते मागितल्याने बदलतात, याचे उदाहरण आपल्याच दारी आहे. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्याला, असे सूत्र होते. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने आमच्या मुलांवर अन्याय होतो, हे पालकांनी व लोकप्रतिनिधींनी आकडेवारीनिशी मांडले आणि सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ते सूत्र रद्द केले. कोणाला काही द्यावे लागले नाही. जेवढी शक्ती आपण एकेक जागा मिळविण्यात खर्च करतो, तिच्या दहाव्या हिश्शाने सर्वांच्या जागांचा नियम सुधारता येतो.

राहिली आपली मते. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हा या पानाचा वाचक. या बाजाराचा गिऱ्हाईकही तोच आणि बळीही तोच. त्याने एवढे तरी करावे की या व्यवहाराला गुंतवणूक म्हणू नये. मुलाखतीच्या मंडळावर बसण्याची वेळ आली आणि निकाल आधीच ठरला आहे असे दिसले, तर सही करू नये. मी स्वतः एकदा अशी सही केली आहे, संस्था कोणती हे सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा 'आपण एकट्याने काय होणार' हे वाक्य मीही मनाशी म्हटले होते. त्या दिवशी डावललेल्या उमेदवाराचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या शेतकरी गृहस्थांनी अखेर जमीन विकली नाही. माझ्या उपदेशामुळे नव्हे. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला म्हणून. त्यांचा मुलगा आता तासिका तत्त्वावर शिकवितो आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतो. मध्यंतरी बसस्थानकावर वडील भेटले. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, पावसाचे बोलले. परंतु मी त्यांना उत्तर देणे लागतो, आणि ते उत्तर एकट्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने देण्यासारखे नाही.